सर्पगंधा की गुग्गुळ?

दोन्ही आपल्याच रानातली झुडपं आणि दोन्ही ओरबाडली गेलेली. एक मुळासाठी, दुसरं डिंकासाठी. सावली आणि ओल असेल तर सर्पगंधा, रणरणतं ऊन आणि चांगला निचरा असेल तर गुग्गुळ, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. अडचण होते ती दोन्ही चालतील अशी जागा असून एकच लावायचं असलं की. मी दोन्ही लावून बसलोय, म्हणून सांगतो.

दिसण्यात गुग्गुळाने स्पर्धेत उतरूच नये. सर्पगंधा गुडघाभर वाढते, पानं बहुधा तिनाच्या वलयात, फुलं पांढरी पण त्यांचे देठ कुंकवात बुडवून काढल्यासारखे. रोप घेताना मात्र वलयातली पानं मोजा. चार-चार आणि लहानमोठी असली तर ती बहुधा अमेरिकेतून आलेली तिची चुलतबहीण. 'सर्पगंधा' म्हणून तीही खपते; माझं पहिलं रोप तसलंच निघालं. बियांचाही भरवसा नाही. ताज्या हव्यात, पाण्यात टाकून बुडतील त्याच पेराव्यात. एवढं करून मी मूठभर पेरल्या, तर महिना उलटल्यावर चार कोंब दिसले.

गुग्गुळाच्या बियांचंही तेच, पण तिकडे जायची गरजच पडत नाही. पावसाच्या तोंडावर अंगठ्याएवढी जाड, वीतभर-दीड वीत फांदी घ्यायची, चीक सुकू द्यायचा आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचायची. माझ्या बऱ्याचशा जगल्या.

पण पावसाळा संपला की पानं गळतात आणि मग कित्येक महिने नुसत्या वाकड्या, काटेरी फांद्या, त्यावर कागदासारखी सुटलेली साल. घरात दोनदा ते 'वाळलेलं' म्हणून उपटलं जाता जाता वाचलं. एका कुंडीतलं तर घरच्यांच्या दयेने मेलं. बिचारं सुकलंय म्हणून रोज तांब्याभर पाणी, महिन्याभरात बुंधा कुजला.

एवढ्यावर निकाल लावला असता तर मी सर्पगंधाच म्हणालो असतो. माझं मत फिरलं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे.

सर्पगंधा म्हटलं की लोकांना रक्तदाब आठवतो. ते खोटंही नाही. १९५२ साली तिच्या मुळातूनच रिसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं आणि पुढे त्याचं औषध झालं. पण त्याच रिसर्पिनने रक्तदाब नको तितका उतरू शकतो, मन खचू शकतं. हे बागेतल्या मुळाच्या तुकड्याने करायचे उद्योग नव्हेत. शिवाय मूळ द्यायचं म्हणजे झाडच उपटायचं. 'काका, एवढंसंच द्या ना' ऐकून आणि हे सगळं दर वेळी समजावून मी थकलो. चौथ्या वर्षी आठवडाभर बाहेर जाऊन आलो, तर भर फुलोऱ्यातली सर्पगंधा मान टाकून उभी. हात लावला तर अलगद हातात आली. खाली मूळच नव्हतं. एका नातलगाने नंतर कबूल केलं, वर म्हणाले, ''अहो, झाड परत लावून ठेवलं होतं की.''

तुमच्याकडे येणारी माणसं समंजस असतील, किंवा कोपरा आडबाजूला असेल, तर सर्पगंधा खुशाल लावा. तिच्या फुलांची सर गुग्गुळाला नाही, हे मी आजही मानतो.

गुग्गुळाचा डिंक काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. चिरा मारून रानातली झुडपं मरत गेली. २०१५ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. माझ्याकडे आता दोन आहेत, अगदी फाटकालगत. तेच नातलग परवा आले होते. म्हणाले, ''हे वाळलेलं काढून एखादं चांगलं झाड लावा ना.''

''बघू,'' म्हणालो.