पीएमपीचा पास, सुटं तिकीट, मेट्रो की दुचाकी?

१ जून २०२५ पासून पुणे-पिंपरी चिंचवडच्या पीएमपी बसचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० झालं आणि महिन्याचा पास ९०० वरून १,५०० वर गेला. लोक चिडलेत ते रास्तच आहे: पैसे जास्त मोजूनही बस कधी येईल याचा भरवसा नाही. पण कामावर तर रोज जायचंय, तेव्हा आधी हिशेब मांडा.

५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, २० पर्यंत ४०. महिन्याला पंचवीस दिवस, रोज दोन फेऱ्या धरू. २० चं तिकीट असेल तर महिन्याचे १,००० होतात, मग पास घेणं म्हणजे सरळ ५०० रुपयांचं नुकसान. ३० च्या तिकिटाला दोन्ही बरोबरीत, ४० च्या तिकिटाला पास ५०० वाचवतो. आठवड्याला दोन सुट्ट्या असतील तर ३० च्या तिकिटालाही पास परवडत नाही: बावीस दिवसांचे १,३२० च होतात. पूर्वी सवयीने पास काढणाऱ्यांनी हे गणित पुन्हा करावंच. बस बदलावी लागत असेल तर मात्र दोन्ही तिकिटांची बेरीज करून बघा, कारण दुसऱ्या बसला नवं तिकीट पडतं. दैनिक पास ७० रुपयांचा आहे. दिवसाची तिकिटं त्याच्या वर जाणार असतील तेव्हाच घ्या. दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर, पुणे महानगर प्रदेशाच्या (पीएमआरडीए) भागात जाणाऱ्यांना हे पास चालत नाहीत, तिथला दैनिक पास १५० चा आहे.

टप्प्याच्या काठावर असाल तर एक गोष्ट तपासा. बसच्या मार्गाने ५ किलोमीटरच्या जेमतेम पुढे उतरलात की भाडं एकदम दुप्पट. कंडक्टरला एक थांबा आधीचं भाडं विचारा. १० रुपये कमी पडत असतील आणि तेवढं चालणं जमत असेल, तर महिन्याला ५०० वाचतात.

मेट्रोचं भाडं १० ते ३५ रुपये, शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत. निगडीहून पुणे मनपाच्या थांब्याला जाणाऱ्याचं उदाहरण घ्या. थेट बसला ४० रुपये. पिंपरीपर्यंत १० रुपयांची बस आणि पुढे मेट्रो केली तर फार तर ४५, आणि वाकडेवाडीच्या कोंडीत अडकायचं नाही. पास नसताना पाच रुपयांत ही खात्री मिळत असेल तर मेट्रोच घ्यावी. पण स्टेशन घरापासून चालत जाण्याजोगं हवं. रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये दोन्ही वेळा पडले तर महिन्याला १,२५० नुसते रिक्षात जातात, आणि मेट्रोचा फायदा तिथेच संपतो. कात्रज, हडपसर, सिंहगड रस्ता इथल्यांना तर आज मेट्रोचा पर्यायच नाही.

दुचाकी? जाऊन-येऊन २० किलोमीटर, ४५ चं ॲव्हरेज, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला सुमारे १,१५०. त्याच अंतराला बसची तिकिटं १,००० ची. सर्व्हिसिंग, टायर, विमा, पार्किंग वेगळं, पण ते रोज खिशातून जात नाही म्हणून जाणवत नाही. एवढ्याशा फरकासाठी पाऊण तास थांब्यावर कोण उभं राहील? भाडेवाढीने प्रवासी दुचाकीकडे ढकलले जातात ते असे, आणि त्या दुचाकींनी रस्ता भरला की बस आणखी रखडते.

बस निवडलीत तर मार्ग क्रमांकापेक्षा थांबा नीट निवडा. जिथून तुमच्या दिशेने तीन-चार मार्ग जातात तिथे उभं राहा. बराच वेळ काही नाही आणि मग एकामागे एक दोन बस, हे होतं कारण उशिरा आलेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं मिळतात, ती आणखी रेंगाळते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. मागची दिसत असेल तर पहिलीला लोंबकळू नका. ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बसची खूण सरकतेय का ते मिनिटभराने पुन्हा बघा. एकाच जागी खिळलेली असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

बस मध्येच बंद पडली तर तिकीट फेकू नका, कंडक्टर त्याच तिकिटावर मागच्या बसमध्ये बसवून देतात. तक्रार करायची तर मार्ग, थांबा आणि वेळ तिन्ही लिहा, बस समोर असेल तर गाडी क्रमांकही. नुसतं ‘बस आली नाही’ लिहिलं तर कोणती फेरी चुकली ते डेपोला शोधता येत नाही.