नाशिकच्या इतिहासपत्राची वर्गणी: वर्षभराचा अनुभव

नाशिकच्या इतिहासावर दर पंधरवड्याला एक लेख ईमेलने पाठवणारे एक पत्र मी चार वर्षांपासून वाचतो आहे. पहिली तीन वर्षे ते विनामूल्य होते. गेल्या वर्षी संपादकांनी वर्गणी सुरू केली आणि मी पहिल्याच आठवड्यात वर्गणीदार झालो. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि दर हिवाळ्यात नववीच्या मुलांना पांडवलेण्यांवर घेऊन जातो, त्यामुळे हे पत्र मला स्वतःपुरते हवे असतेच, पण पैसे देऊ न शकणाऱ्या वाचकापर्यंत ते पोहोचते की नाही याचीही मला तितकीच काळजी असते.

1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहराला वर्गणी नवीन नाही. ती का लागते, हेही इतिहासाचे काम जवळून पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. एका लेखासाठी मोडी कागदांची छायाचित्रे घ्यावी लागतात, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते, दोन-तीनदा प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. पूर्वी हा खर्च जाहिरातींतून निघत असे आणि त्या जाहिराती मोबाइलवर नेमक्या शिलालेखाच्या ओळींवर येऊन बसत. आता त्या गेल्या आहेत आणि पान वाचण्यासारखे झाले आहे.

वर्षाची वर्गणी 600 रुपये आहे, विद्यार्थ्यांसाठी 150. विद्यार्थी असल्याचा पुरावा कोणी मागत नाही. नवा लेख पहिला महिना फक्त वर्गणीदारांना मिळतो आणि त्यानंतर सर्वांसाठी कायमचा खुला होतो. ही विभागणी मला मनापासून पटली, कारण बातमीला उशीर चालत नाही, पण नाशिकजवळच्या जोगलटेंभी या गावी 1906 साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांची हकीकत महिन्याभराने वाचली तरी तिची किंमत कमी होत नाही. क्षत्रप राजा नहपान याच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता, हे वाचून माझे विद्यार्थी महिन्याभरानंतरही तितकेच थक्क झाले. वर्गणीदारांना याखेरीज नकाशे, शिलालेखांचे ठसे, मोडी कागदांची संपूर्ण लिप्यंतरे आणि महिन्यातून एकदा संध्याकाळची चर्चा मिळते.

काळाराम मंदिर सत्याग्रहावरची लेखमाला मात्र संपादकांनी पहिल्या दिवसापासून खुली ठेवली. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या त्या लढ्याच्या आठवणी ज्या घरांनी सांगितल्या, त्या घरांतल्या मुलांना आपल्याच आजोबांविषयी वाचण्यासाठी पैसे मोजावे लागू नयेत, असे त्यांनी लेखाच्या सुरुवातीलाच लिहिले होते. या एका निर्णयासाठी मी दुप्पट वर्गणीही आनंदाने दिली असती.

पैसे भरण्याची सोय चांगली आहे. यूपीआयवरून स्वयंचलित वर्गणी लावली, तर रक्कम कापली जाण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना येते आणि ती परवानगी आपल्याच ॲपमधून रद्द करता येते. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्याकडून संपादक रोख रक्कमही घेतात. पंचवटीतल्या माझ्या मामांनी तशीच भरली आणि त्यांना हाताने लिहिलेली पावती मिळाली.

आता तक्रार, आणि ती लहान नाही.

यंदाच्या सहलीत आम्ही दहाव्या लेण्याच्या ओवरीत उभे होतो. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष 42 चा शिलालेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार काहापण, म्हणजे त्या काळची नाणी, अक्षयनीवी (कायमची ठेव) म्हणून दिले आणि ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट घातली. दोन हजारांवर शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. मूळ प्राकृतात या पाऊणला ‘पायून’ असा शब्द आहे. तो मुलांना दाखवला की भिंतीवरचा लेख त्यांना एकदम आपल्या घरचा वाटू लागतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण वस्त्रासाठी द्यायचे होते.

मुलांच्या हातात त्या पत्रातल्या खुल्या लेखाच्या छापील प्रती होत्या आणि त्यात हा दर ‘दरसाल दर शेकडा’ असा छापलेला होता. एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि म्हणाली, “सर, दोन हजारांवर वर्षाचे वीसच होतात. मग प्रत्येकाला बारा कुठून देणार?” तिचे बरोबर होते. दर महिन्याचा धरला, तरच महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस आणि वीस जणांना बारा-बारा असा हिशेब जुळतो. मी मोबाइल उघडून पाहिले, तर दहा दिवसांपूर्वीच संपादकांनी ही चूक मान्य करून दुरुस्ती पाठवलेली होती, पण ती फक्त वर्गणीदारांच्या ईमेलमध्ये होती. घाईत मी ती वाचलेली नव्हती, हा माझा दोष. पण ज्यांना ती आलीच नाही, त्यांच्यापुढे चुकीचा लेख तसाच उघडा होता. त्या मुलीला मी शाबासकी दिली खरी, तरी उरलेल्या शाळांमध्ये तीच छापील प्रत वाटली गेली असेल, हा विचार डोंगर उतरेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

नकाशा वर्गणीदारांपुरता ठेवावा, चर्चाही ठेवावी, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. दुरुस्ती मात्र लेखाइतकीच खुली असली पाहिजे, कारण चूक सर्वांना फुकट आणि बरोबर आकडा फक्त पैसे देणाऱ्यांना, अशी स्थिती इतिहासाच्या पत्रात एक दिवसही राहता कामा नये.

दुसरी अडचण माझ्या दृष्टिहीन मित्राची आहे. तोही पूर्ण वर्गणी भरतो. साधे लेख त्याचा मोबाइल त्याला नीट वाचून दाखवतो, पण शिलालेखांची वाचने आणि मोडीची लिप्यंतरे चित्राच्या स्वरूपात पाठवली जातात आणि तिथे मोबाइल गप्प होतो. ज्या भागासाठी त्याने पैसे भरले, नेमका तोच त्याला मिळत नाही. चित्राखाली तोच मजकूर टंकून दिला, तर प्रश्न सुटेल.

दोन्ही गोष्टी मी संपादकांना सविस्तर लिहिल्या. चौथ्या दिवशी खुल्या लेखाच्या माथ्यावर दुरुस्ती आली. जुनी ओळ खोडलेली, पण वाचता येईल अशी ठेवली होती आणि खाली नववीच्या एका विद्यार्थिनीने हिशेब करून ही चूक दाखवल्याची नोंद होती. मी ते पान वर्गात फळ्याशेजारी लावले आहे. लिप्यंतरे मात्र अजून चित्रातच येत आहेत. मी वर्गणीचे नूतनीकरण केले, तेव्हा निरोपाच्या रकान्यात पुन्हा तेवढेच लिहिले.