अभ्यासिकेतील हवा मोजणारी सेन्सर यंत्रणा: कोणत्या आकड्यांवर विसंबावे?

रत्नागिरीतील आमच्या वातानुकूलित अभ्यासिकेत व्यवस्थापनाने हवेची गुणवत्ता मोजणारी सेन्सर यंत्रणा बसवून घेतली आहे. कार्बन डायऑक्साइड, सूक्ष्म धूलिकण, बाष्पशील सेंद्रिय संयुगे (द्रावणे, सुगंध वगैरेंतून सहज हवेत उडणारी रसायने), तापमान आणि आर्द्रता यांच्या नोंदी मोबाइलवर सतत दिसतात. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू पाहिल्यानंतर माझे मत असे, की कार्बन डायऑक्साइडसाठी ही यंत्रणा जरूर घ्यावी. धूलिकणांसाठी, निदान कोकणात तरी, घेऊ नये.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. त्यामुळे पावसाच्या झडीने खिडक्या बंद झाल्या आणि परीक्षांच्या दिवसांत सगळ्या खुर्च्या भरल्या, की हा आकडा १००० पीपीएमच्या बराच पुढे जातो. तेवढ्याने विषबाधा होत नाही, परंतु माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडते आहे, हे त्यावरून निश्चित कळते. यंत्रणा अशा वेळी एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू करते आणि आलेख उतरू लागतो. तिचा खरा उपयोग एवढ्यात आहे.

मात्र कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आठवड्यातली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असे गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतो. रात्रंदिवस उघडी राहणारी अभ्यासिका कधीच पुरती रिकामी होत नसल्याने तो हळूहळू कमी आकडे दाखवू लागतो. आम्ही ती सोय बंद करायला लावली. आता तंत्रज्ञ सेन्सरची पेटी गच्चीवर नेऊन जुळवणी करतात.

धूलिकण येथे लेझरचा प्रकाश किती विखुरतो यावरून मोजले जातात. खाऱ्या वाऱ्यांबरोबर येणारे मिठाचे कण सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपुढे पाणी ओढून फुगतात (पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तसेच हे) आणि फुगलेले कण अधिक प्रकाश विखुरतात. पेटीत येणारी हवा आधी कोरडी करण्याची सोय नसल्याने एसी बंद असताना, धुवाधार पावसाने स्वच्छ झालेल्या हवेतही, पीएम २.५ चा (अडीच मायक्रोमीटर व त्याहून लहान धूलिकणांचा) आकडा भारताच्या २४ तासांसाठीच्या ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मानकापलीकडे गेलेला दिसतो. विक्रेत्याने याची कल्पना आधी द्यायला हवी होती.

संयुगांचा सेन्सर उदबत्ती, सॅनिटायझर आणि फरशी पुसण्याचे द्रावण यांत फरक करत नाही. सर्व नोंदी एकत्र करून दिला जाणारा एकच गुण तर पाहूच नये, कारण फुगलेल्या धूलिकणांमुळे तो घसरला की मूळ दोष कशात आहे, हे झाकले जाते. दुरुस्तीची सेवा तत्पर आहे. जुन्या मूळ नोंदी मात्र वेगळे शुल्क भरल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून त्या मिळण्याची अट करारातच घालून घ्यावी.