एक्सलच्या पुढे की एक्सलच्या वर: खान्देशातील वाटांसाठी मागच्या सस्पेन्शनची निवड

फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी, सायकल घ्यायला निघालेल्या माणसाचा दुकानातला पहिला प्रश्न बहुधा ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलते ते माप) किती, १२० की १४० मिलिमीटर, असा असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराने निर्णय होत नाही. ट्रॅव्हल सारखा आणि शॉकही (मागचा धक्काशोषकही) एकाच बनावटीचा असलेल्या दोन सायकली लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी सुट्या दगडांच्या चढावर चालवून पाहिल्या, तर एक प्रत्येक पेडलबरोबर मागे बसते आणि स्वाराची ताकद खाते, तर दुसरी मागचे चाक जमिनीला धरून मुकाट वर चढते. हा फरक बराचसा फ्रेमचे सांधे (पिव्हट) कोठे बसवले आहेत यावरून पडतो.

पेडलवर जोर दिला की वजन मागे सरकते आणि शॉक दबू लागतो. त्याच वेळी साखळीचा ताण व चाकाचा रेटा मिळून, सांध्यांची मांडणी अनुकूल असेल तर, हे दबणे रोखतात. या रोखण्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. ते १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना जवळपास तोलतात. ते फार कमी असेल तर सायकल चढावर डुलते. फार जास्त असेल तर चाक गोट्यावर आदळून वर जाताना साखळी ताणली जाते आणि पेडल पायाला उलटा झटका देते. तोरणमाळसारख्या लांब घाटासाठी ३२ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) काढून ३० ची बसवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की लहान चेनरिंगमुळे अँटी-स्क्वॉट सहसा वाढतो, म्हणजे सायकलचा स्वभाव थोडा बदलतो.

सिंगल पिव्हट ही सर्वांत साधी रचना आहे. एकच मुख्य सांधा, एकच स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा भाग), आणि त्या सांध्याभोवती वर्तुळाच्या कंसात फिरणारे मागचे चाक. तिची खरी अडचण ब्रेक लावल्यावर कळते. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) स्विंगआर्मवरच असल्याने ब्रेकचा जोर थेट सस्पेन्शनमध्ये उतरतो, मागची बाजू खाली खेचली जाते आणि खडबडीत उतारावर चाक दगडांवरून टणटणत जाते. सायकलचा तोल त्यामुळे पुढे कमी झुकतो, हा फायदाही आहे, आणि काही स्वारांना तोच आवडतो.

खरा घोळ चार दांड्यांच्या सायकलींत होतो, कारण त्यातल्या दोन जाती दुरून अगदी सारख्या दिसतात. मागच्या एक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) वाकून पाहावे. सांधा खालच्या दांडीवर, एक्सलच्या किंचित पुढे असेल तर ती हॉर्स्ट लिंक, आणि सांधा वरच्या दांडीवर, एक्सलच्या वर असेल तर चाकाच्या वाटेपुरती ती सिंगल पिव्हटच. दुसऱ्या प्रकारातील वरची लिंक (जोडदांडी) केवळ शॉक कोणत्या प्रमाणात दाबला जावा हे ठरवते, चाकाची वाट ती बदलत नाही. पहिल्यात मात्र एक्सल आणि कॅलिपर दोन्ही मुख्य स्विंगआर्मपासून सुटलेले असतात, त्यामुळे ब्रेक लावलेला असतानाही सस्पेन्शन मोकळेपणाने हलते. हॉर्स्ट लाइटनर यांच्या या रचनेचे अमेरिकेतील पेटंट स्पेशलाइज्ड कंपनीकडे होते, म्हणून अनेक उत्पादकांनी वर्षानुवर्षे सांधा वर नेऊन काम भागवले. पेटंटची मुदत मागील दशकात संपल्यावर ही रचना सर्रास दिसू लागली. ट्रेक कंपनीने मधला मार्ग काढला आणि सांधा नेमका एक्सलच्या भोवतीच बसवला, म्हणजे चाकाची वाट सिंगल पिव्हटसारखी, ब्रेकची वागणूक वेगळी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरड्या नाल्यांत, जिथे ब्रेक धरूनच गोट्यांवरून उतरावे लागते, तिथे सांध्याच्या जागेतला हा दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक मनगटांना कळतो.

डेव्ह वीगल यांची डीडब्ल्यू-लिंक, सांताक्रूझची व्हीपीपी आणि जायंटची माएस्ट्रो या रचनांत मागचा त्रिकोण अखंड असतो आणि तो दोन आखूड लिंकांनी पुढच्या फ्रेमला जोडलेला असतो. चढावर यांच्यासारख्या सायकली कमी आहेत, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण खालची लिंक पेडलच्या धुऱ्याजवळ, टायरने उडवलेल्या चिखलाच्या नेमक्या माऱ्यात असते. मित्राकडून मागून आणलेल्या अशा एका सायकलीच्या लिंकमध्ये श्रावणातल्या काळ्या मातीबरोबर बोराएवढा खडा अडकला आणि फ्रेमच्या रंगावर नखभर खोल ओरखडा उमटवून गेला. आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते, ती आखूड लिंकांच्या फटीतून काडीने उकरत बसावे लागते.

उंच पिव्हट आणि साखळी वळवणारी जादा पुली असलेल्या सायकलींबद्दल फार लिहीत नाही. त्या वेगवान, लांब उतारांसाठी आहेत. पुलीचे घर्षण सोसत चढ चढण्याइतके मोठे उतार आपल्याकडे मोजकेच आहेत.

रचना कोणतीही असो, खान्देशातला उन्हाळा हिशेबात धरावा लागतो. पहाटे २५ अंशांत २०० पीएसआय भरलेला एअर शॉक दुपारी ४२ अंशांत सुमारे १२ पीएसआयने वर जातो आणि सकाळी जमवलेला सॅग (स्वार बसल्यावर शॉक जितका दबतो तो) दुपारी उरत नाही. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या (पूर्ण दबण्याच्या अंतराच्या) शॉकला ३० टक्के सॅग म्हणजे १५ मिलिमीटर, एवढे गणित पाठ असले की झाडाखाली थांबून तपासता येते.

पावसाळ्यात बाहेर न काढता मुख्यतः डोंगरचढासाठी सायकल हवी असेल तर आखूड लिंकांची घ्यावी. वर्षभर, शेतरस्ते, मुरूम आणि नाले अशा मिश्र वाटांवर चालवायची असेल तर माझे मत हॉर्स्ट लिंकच्या बाजूने आहे. देखभालीचा कंटाळा असणाऱ्याने सिंगल पिव्हट कमीपणाची समजू नये.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराच्या संमतीने शॉकमधली हवा सावकाश सोडावी, साखळी मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर ठेवावी, मागचा ब्रेक धरून एकाने सीट दाबावी आणि दुसऱ्याने क्रँक (पेडलची दांडी) किती मागे फिरते ते पाहावे. मग सांध्यांच्या बेअरिंगचे नंबर विचारून घ्यावेत. ६९०२ सारखा सर्वसाधारण नंबर निघाला तर ती बेअरिंग धुळे-जळगावच्या बेअरिंगच्या दुकानांतही शोधता येते. खास मापाची निघाली तर तिचा एक जादा संच सायकलबरोबरच मागावा.