व्हॅक लावायचाय: भिंतीचं सक्शन की भाड्याचं मशीन?

डॉक्टर ‘व्हॅक लावू’, म्हणजे जखमेवर हवाबंद ड्रेसिंग करून आतला स्राव नळीनं सतत ओढून घेऊ, असं म्हणाले की पाठोपाठ प्रश्न येतोच: वॉर्डातल्या भिंतीच्या सक्शनवर (खाटेजवळ भिंतीत बसवलेली ओढीची जोडणी) भागवायचं, की मशीन भाड्यानं आणायचं? बाबांना डायबेटिस, पोटरीत गळू होऊन कापावं लागलं आणि तळहाताएवढी जखम उघडी राहिली. आधी भिंत, मग मशीन, असं आम्ही दोन्ही पाहिलं.

जखमेपुरता फरक मला तरी फारसा दिसला नाही. मेलेलं मांस आधी साफ करावंच लागतं. मग मापाचा फोम, वर पारदर्शक फिल्म आणि उणे 125 मिमी पाऱ्याची ओढ. अमेरिकेतल्या अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी 1997 साली मांडलेला हा आकडा अजून चालतो. ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी बदलायचं. खर्चात भिंत सरळसरळ स्वस्त. मशीनचं भाडं दिवसावर, स्राव साठवायच्या डब्यांचे पैसे वेगळे.

आम्हाला नडलं ते संडासला जाणं. बाबा उठले की नळी काढायची. तेवढ्यात आवळून कडक झालेला फोम पावासारखा फुगायचा. परत जोडल्यावर कधी नीट बसायचा, कधी गुडघ्यामागच्या घडीतून सूंऽऽ आवाज, की बोलवा सिस्टरना. दिवसात दोन तासांपेक्षा जास्त ओढ बंद राहिली तर ड्रेसिंग काढावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. आत जंतू वाढतात. मी वहीत मिनिटं मांडायचो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, उठावं लागू नये म्हणून बाबांनी पाणी पिणंच कमी केलंय. त्याच संध्याकाळी मशीन मागवलं.

मशीनचाही जाच आहे. रात्री दोनला अलार्म झाला की शेजारचे काका उठून बसायचे. पण ओढ गेल्याचं ते निदान सांगतं. आमच्या वॉर्डातली भिंत गप्पच असायची.

पेशंट अंथरुणावरच असेल आणि सिस्टर हाकेच्या अंतरावर असतील, तर भिंत पुरेल बहुधा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर काहीही लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. पण पेशंट उठता-बसता असेल, तर मी म्हणेन, भाड्यात घासाघीस करा आणि मशीन आणा. आमचे बाबा दुसऱ्याच दिवशी मशीनची पिशवी खांद्याला अडकवून, वॉकर ढकलत खिडकीपर्यंत गेले आणि तिथं बसून तांब्याभर पाणी प्यायले.