आइसलँडचा रिंग रोड की न्यूझीलंडचं साउथ आयलंड? दोघा मित्रांसाठी तुलना

दोघंच आहात, गाडी भाड्याने घेणार आहात आणि यादीतली बाकीची नावं खोडून शेवटी ही दोन उरली आहेत. ठरवणं अवघड जातं, कारण दोन्हीकडे तेच आहे: हिमनद्या, धबधबे, समुद्र आणि मैलोन्‌मैल रिकामा रस्ता. ‘जास्त सुंदर कुठे’ या प्रश्नावर निवड करायला बसलात तर फोटो पाहण्यातच महिना जाईल. माझ्या मते आधी दोनच गोष्टी विचाराव्यात. गाडी कोण चालवणार? आणि ‘आज कुठे जायचं’ हे रोज सकाळी कोण ठरवणार?

रस्त्याचा आकार

आइसलँडचा रिंग रोड, म्हणजे एक क्रमांकाचा महामार्ग, तेराशेहून थोडे अधिक किलोमीटर लांब आहे. देशाला गोल फेरी मारून तो निघाल्या जागी परत येतो. हे वर्तुळ पूर्ण झालं ते १९७४ साली, दक्षिणेच्या स्केयदारारसांदुर या रेताड पट्ट्यावर पूल बांधल्यावर. त्याआधी आग्नेय कोपऱ्यातल्या हॉप्न गावातून राजधानी रेक्याविकला गाडीने जायचं तर उत्तरेचा पूर्ण वळसा घ्यावा लागे. १९९६ मध्ये वात्नायोकुल हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला. वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्याने तिथल्या पुलांची वाताहत केली. पिळवटलेल्या तुळया आजही स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या आहेत. तिथे पाच मिनिटं थांबाच, म्हणजे पुढचे शंभर किलोमीटर वेगळ्या नजरेने बघाल.

वर्तुळाचा मोठा फायदा म्हणजे भांडायला फारसा वाव नसतो. घड्याळाच्या दिशेने जायचं की उलट, एवढंच ठरवायचं. सेल्यालान्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, व्हीक गाव, योकुल्सारलोनचं हिमखंडांनी भरलेलं सरोवर, मीवात्न सरोवर, आकुरेयरी शहर हे सगळं वाटेवर किंवा वाटेपासून थोडं आत आहे. गाडीही घेतली तिथेच परत करायची असते.

साउथ आयलंडला असं एक वर्तुळ नाही. बेटाच्या मधोमध सदर्न आल्प्सची रांग आहे आणि ती ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर उतरायला तीनच घाट आहेत: लुईस पास, आर्थर्स पास आणि हास्ट पास. मिलफर्ड साउंड ही उंच कड्यांमधली समुद्राची खाडी आणखी एका कोपऱ्यात, बंद टोकाच्या रस्त्यावर. ‘ते आनाऊ’ गावापासून तिथवरचं अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे आणि परतही त्याच रस्त्याने यायचं. म्हणजे इथे रोज काहीतरी सोडावं लागतं. टेकापो सरोवर आणि आओराकी माउंट कुक पर्वत केला तर कैकुराचा किनारा राहतो. पश्चिम किनारा केला तर दक्षिणेचं कॅटलिन्स राहतं. दोघांनाही योजना आखायची हौस असेल तर यातच मजा आहे. पण एकजण ‘तू ठरव’ म्हणणारा आणि नंतर कुरकुरणारा असेल (असा एक प्रत्येक जोडीत असतोच), तर सरळ आइसलँडला जा.

गाडी चालवणं

न्यूझीलंडमध्ये गाडी डावीकडून चालते आणि आइसलँडमध्ये उजवीकडून. डावीकडून चालवायची सवय असलेल्याला इथे न्यूझीलंड सोपं वाटतं, आणि पहिल्या दिवशी ते आहेही. पण रस्ता स्वतः उलटं सांगतो. न्यूझीलंडमध्ये महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरची मुभा असली तरी हास्टच्या किंवा क्वीन्सटाउन आणि वानाकामधल्या क्राउन रेंजच्या वळणांवर तो आकडा नावापुरता उरतो. क्राउन रेंजचा रस्ता हजार मीटरहून वर चढतो. नकाशाचं ॲप चार तास म्हणालं तर थांबे धरून सहा समजा. दिवसभर अशी वळणं घेतलेला माणूस संध्याकाळी कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नसतो, म्हणून इथे दोघांनाही गाडी येणं मी जवळजवळ अट मानतो. दोघांचीही नावं भाडेकरारावर हवीत. करारात नसलेल्या माणसाने गाडी चालवताना अपघात झाला तर विमा हात वर करतो.

रिंग रोडची कमाल मर्यादा ९०, वळणं कमी आणि बराच भाग सपाट. एकट्या चालकालाही तो झेपतो, मित्र फक्त खिडकीतून बघत बसला तरी चालतं. त्रास वेगळाच आहे, तो म्हणजे वारा. कडेला पक्की पट्टी जवळजवळ नसते आणि झोताने गाडी हलते. दार उघडताना ते हातातून सुटून बिजागरीतून उलटं वळू शकतं. हे नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही, त्यामुळे वाऱ्याकडे नाक करून गाडी उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरा. दक्षिणेच्या रेताड पट्ट्यात वादळ उठलं तर वाळू रंग खरवडते. तिचा विमा वेगळा मिळतो आणि तो घ्यावा. ‘एफ’ क्रमांकाचे आतले डोंगरी रस्ते फोर-व्हील-ड्राइव्ह शिवाय बंद आहेत. रस्ता सोडून शेवाळावर गाडी घालणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.

एका पदरी पूल दोन्हीकडे भेटतात. न्यूझीलंडमध्ये बाणांची पाटी सांगते की आधी कोण. लाल छोटा बाण तुमच्या बाजूला असेल तर तुम्ही थांबायचं. आइसलँडमध्ये पुलाच्या जवळ जो आधी पोहोचला तो आधी जातो, हा रिवाज. दिवे मात्र तिथे भर दुपारीही लावलेलेच हवेत.

हवामान

इथे दोन्ही देश सारखेच बदनाम आहेत, पण परिणाम सारखा नाही. मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि लोक तिथे ऊन शोधत जातात. खरं तर पाऊस पडला की त्या कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे सुटतात, ते कोरड्या दिवशी दिसतच नाहीत. म्हणजे न्यूझीलंडमधला पावसाचा दिवस वाया जाईलच असं नाही. आइसलँडमध्ये वाऱ्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला तर तो दिवस गेला. खोलीत बसा, पत्ते खेळा. म्हणून दहा दिवसांची फेरी असेल तर एक दिवस मोकळा ठेवा, आणि दहाच्या ऐवजी सहाच दिवस असतील तर वर्तुळाचा हट्ट सोडा. रेक्याविकहून योकुल्सारलोनपर्यंत जाऊन परत आलात तरी बरंच पदरात पडतं.

उलट बाजूही आहे. हास्टच्या रस्त्यावर दरड कोसळली तर पश्चिम किनाऱ्यावरून वानाकाला यायला आर्थर्स पासचा प्रचंड वळसा पडतो. मिलफर्डच्या रस्त्यावर हिवाळ्यात हिमस्खलनाचा धोका असतो आणि चाकांना बांधायच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. तिथे होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलवर थांबलात तर केआ पोपट गाडीचं रबर सोलायला येतात. काच खाली करून त्यांना खायला देण्याचा मोह आवरा.

उजेड आणि अंधार

जूनमध्ये आइसलँडला रात्र जवळजवळ होत नाही. उशिरा उठणाऱ्या मित्राबरोबर हा फार मोठा दिलासा आहे: रात्री दहालाही स्कोगाफॉस स्वच्छ दिसतो आणि गर्दीही ओसरलेली असते. चांदणं मात्र विसरा. ते हवं असेल तर टेकापोला जा; आओराकी मॅकेन्झी हा परिसर २०१२ पासून अधिकृत डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपलेला प्रदेश, आहे.

मुक्काम, खाणं, खर्च

दोन्ही देश महाग आहेत आणि आइसलँड जास्तच. दोन्हीकडे सुपरमार्केटमधून सामान घेऊन स्वतः रांधलंत तरच हिशोब जमतो. न्यूझीलंडच्या हॉलिडे पार्कांत स्वयंपाकघर आणि छोट्या केबिन असतात, दोघांना ते सोयीचं पडतं. कॅम्पर व्हॅनमध्ये कुठेही झोपता येतं ही समजूत दोन्हीकडे चूक आहे. आइसलँडमध्ये रात्र कॅम्पसाइटवरच काढायची. न्यूझीलंडमध्ये रस्त्याकडेच्या परवानगीच्या जागी थांबायचं तरी बहुतेक ठिकाणी व्हॅनमध्ये शौचालयासकट प्रमाणित सोय लागते.

आइसलँडच्या गावोगावच्या गरम पाण्याच्या तलावांसाठी जादा गुण. संध्याकाळी थकून तिथे जाऊन बसणं ही प्रवासातली सर्वात स्वस्त चैन आहे. मात्र आत उतरण्याआधी सामुदायिक न्हाणीत विवस्त्र होऊन साबणाने अंघोळ सक्तीची. लाजाळू मित्राला आधीच सांगून ठेवा.

मग कुठे?

एकालाच गाडी येते, किंवा सुट्टी दहा दिवसांची: आइसलँड. दोघंही चालवतात, दोन आठवडे हाताशी आहेत आणि वाट बदलायची तयारी आहे: साउथ आयलंड, आणि तेही डोळे मिटून. रस्त्यावरचा आनंद तिथे अधिक आहे असं मला वाटतं, कारण एका दिवसात सरोवर, घाट, जंगल आणि समुद्र असं सगळं येतं. रिंग रोडच्या पूर्वेला काही तास लाव्हा आणि ओसाड माळच असतो. तो मलाही आवडतो, सर्वांना आवडेल असं नाही.

महिना आधीच ठरलेला असेल तर प्रश्नच मिटतो. जून ते ऑगस्ट आइसलँड, नोव्हेंबर ते मार्च न्यूझीलंड. अडचण फक्त मधल्या महिन्यांची. एप्रिलमध्ये न्यूझीलंड घ्या. ॲरोटाउनची झाडं तेव्हा पिवळीधमक असतात आणि आइसलँडच्या उत्तरेला अजून बर्फ असू शकतो. सप्टेंबरमध्ये उलट करा: रिंग रोड सहसा मोकळा असतो, रात्री परत आलेल्या असतात आणि आकाश निरभ्र असेल तर नॉर्दर्न लाइट्सही दिसू शकतात.