बिलावर नवा थर्मोस्टॅट, गाडीत रिकामी जागा

मे महिन्यातलं ते बिल मी जपून ठेवलंय. साधा रेघांचा कागद, निळ्या पेनाचं अक्षर, खाली गॅरेजचा शिक्का. तीन ओळी आहेत: रेडिएटर सफाई ६००, कूलंट ७५०, थर्मोस्टॅट नवीन ९५०. एकूण २,३००. यातली तिसरी ओळ धडधडीत खोटी आहे. नवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, माझ्या गाडीत कधी बसलाच नाही. होता तो जुनाही काढून टाकला होता. त्या रिकाम्या जागेमुळे थंडीत जे बिघडलं, ते दुरुस्त करतो म्हणून त्याच गॅरेजने नोव्हेंबर ते जानेवारी माझ्याकडून आणखी २५,९०० रुपये काढले. जुनी पेट्रोल गाडी सांभाळणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून झालं तसं लिहिते.

गाडी २००६ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसीचं इंजिन. मी नाशिकला राहते आणि निफाडजवळच्या शाळेत शिकवते, म्हणजे रोजची ऐंशी किलोमीटरची ये-जा. इतक्या वर्षांत गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलं नव्हतं. मेमध्ये ठाण्याहून परतताना मात्र कसारा घाटात, एसी चालू असताना, टेंपरेचरचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली, तासभर थांबलो, इंजिन निवल्यावर पाणी घातलं आणि हळूहळू नाशिक गाठलं. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला दिली, संध्याकाळी परत मिळाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, काटा पुन्हा वर गेला नाही. काम चांगलं झालं असंच मी धरून चालले. तो काटा वर जात नव्हता, तसा मधल्या खुणेपर्यंतही येत नव्हता. हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरात थंडी पडली. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. सकाळी सेल्फ मारला की आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फिरतंय ते दाखवणारा काटा १,८०० वर जायचा आणि तिथेच बसायचा. थंड इंजिन सुरुवातीला जास्त फिरतं, त्यात वावगं काही नाही. पेट्रोलची नीट वाफ होत नसते, ऑइल घट्ट असतं, म्हणून गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढवून देतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आपण चोक ओढायचो, तेच हे काम. पण इंजिन तापेल तसा काटा चार-पाच मिनिटांत उतरत उतरत ८०० च्या आसपास यायला हवा. माझ्या गाडीला वीस-वीस मिनिटं लागायची. सिग्नलला थांबले की आजूबाजूचे लोक वळून बघायचे, मी उगाच रेस देतेय असं वाटून.

एक गोष्ट मला सारखी खटकत होती. शहरातल्या गर्दीतून रांगत बाहेर पडेपर्यंत आरपीएम बराच उतरलेला असायचा, पण चांदोरीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून शाळेच्या फाटकाशी थांबवली की काटा परत १,४०० वर. पळाल्यावर इंजिन गरम व्हायला हवं, मग हे उलट कसं? हीटर लावला तर हवा कोमटच यायची. ॲव्हरेज १४ वरून १० वर आला होता.

हे सगळं मी गॅरेजवाल्याला जसंच्या तसं सांगितलं. सगळं निदान त्यातच होतं. ते त्याला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही, कारण थर्मोस्टॅट त्याच्याच हातांनी निघाला होता. तो म्हणाला, "मॅडम, जुन्या गाड्या थंडीत अशाच करतात. थ्रॉटल बॉडीत कचरा असणार." थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि आयडल वॉल्व्ह (गाडी उभी असताना लागणारी हवा सोडणारा) यांची सफाई झाली, १,४००. फरक शून्य. मग आयडल वॉल्व्हच गेलाय म्हणून ६,८०० चा नवा. खोका मागितला तर म्हणे टाकून दिला. त्यानंतर ई-२० पेट्रोलचा मुद्दा निघाला. "आता वीस टक्के इथेनॉल येतं ना मॅडम, तुमच्या गाडीचे इंजेक्टर खलास झालेत." जुन्या गाडीवाल्यांच्या मनात ही भीती आहेच, आणि जुन्या रबरी नळ्यांच्या बाबतीत ती अगदीच निराधार नाही. पण इथेनॉलमुळे इंजिन तापायचं थांबत नाही. तेव्हा मला हे सुचलं नाही. इंजेक्टर सफाईचे ३,२०० दिले.

शेवटचा घाव ईसीएमचा. तो मुंबईला पाठवून दुरुस्त करून आणावा लागेल असं सांगून चार दिवस गाडी ठेवून घेतली आणि १४,५०० घेतले. परत दिली तेव्हा सकाळचा आरपीएम खरंच थोडा कमी झाला होता. मी समाधानाने घरी आले. दोन दिवसांनी द्वारका चौकात, दुपारी, इंजिन चांगलं गरम असताना गाडी सिग्नलला बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. तीन वेळा सेल्फ मारून निघाले आणि पुन्हा पुढच्या सिग्नलला बंद. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पगारातले पंचवीस हजार गेले होते आणि गाडी आधीपेक्षा वाईट झाली होती.

शाळेत ही गोष्ट निघाली तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने सांगितलं की तिचे आजोबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, आता घरीच असतात. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेले. मी सगळी कहाणी सुरू केली तर काकांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "बाई, गाडी आत्ता गरम आहे, आत्ता काही सांगता यायचं नाही. रात्रभर इथे राहू द्या. उद्या माझ्या आधी कोणी सेल्फ मारायचा नाही."

रविवारी सात वाजता त्यांनी बॉनेट उघडलं, सेल्फ मारला आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड रबरी होजवर तळहात ठेवला. मलाही ठेवायला सांगितला, ओढणी आधी कमरेला खोचायला लावून, कारण पंखा आणि बेल्ट जवळच असतात. होज गार होता. मिनिट-दीड मिनिटाने तो गार राहिला नाही. चहाचा कप निवत जातो त्याच्या उलट, हळूहळू कोमट होत गेला. काकांनी इंजिन बंद केलं. "झालं. आत वॉल्व्ह नाही, नाहीतर उघडा अडकलाय."

मग त्यांनी समजावलं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट म्हणजे दार. आतल्या मेणाच्या गोळीवर ते चालतं. पाणी साधारण ८२ अंशांपर्यंत तापेस्तोवर दार बंद, म्हणून इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. त्यानंतर मेण फुगतं, दार उघडतं. दार चांगलं असेल तर वरचा होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका गरम होतो. दारच नसेल तर पहिल्या सेकंदापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं. थंडीत, आणि त्यातून मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागला की, इंजिन तापणार कधी? ईसीएम बिचारा सेन्सरकडे बघतो, पाणी थंड दिसतं, म्हणून आरपीएम आणि पेट्रोल वाढवतच राहतो. चांदोरीच्या रस्त्याचं कोडं तिथे सुटलं. (काही इंजिनांत हा वॉल्व्ह खालच्या होजकडे असतो, तिथे वरचा होज लवकर तापतोच. त्या गाड्यांत खालचा होज गार राहतो का ते बघायचं.)

झाकणाचे बोल्ट काढले. आत काहीच नव्हतं. कडेला मात्र ताज्या सिलिकॉन पेस्टची राखाडी रेघ होती, म्हणजे कोणीतरी अलीकडे उघडून, नीट पुसून, पेस्ट लावून बंद केलेलं. घरंगळून आलेलं पाणी तांबूस होतं. ७५० रुपयांचं कूलंट म्हणून नळाचं पाणी भरलं होतं. मी तिथेच फोटो काढले.

एक दोष सापडला म्हणून दुसरा नसतो असं नाही, हे काकांचं म्हणणं. त्यांनी ॲक्सिलरेटर केबलला ढील आहे का बघितलं. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम नळ्या एकेक वाकवून चिरा शोधल्या, कारण तिथून चोरून हवा शिरली तरी आरपीएम वर राहतो. पाण्याच्या तापमानाचा ईसीएमकडे जाणारा सेन्सर मल्टिमीटरवर तपासला. त्याला दोन तारा असतात, आणि डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो. थंड असताना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि पाणी ऐंशीला पोचल्यावर तीनशेच्या आसपास, म्हणजे सेन्सर ठणठणीत. दुपारी गाडी बंद का पडायची तेही सापडलं. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवरची कंपनीची रंगाची खूण तुटलेली होती. सकाळचा आरपीएम खाली दिसावा म्हणून कोणीतरी तो स्क्रू मागे फिरवला होता.

आणि ईसीएम. काका डॅशबोर्डखाली वाकले, टॉर्च लावून मला बघायला लावलं. डब्यावर वर्षानुवर्षांची धूळ, स्क्रूंच्या खाचांत गंज, जोडावरचा स्टिकर अखंड, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. मुंबईला जाऊन उघडून आलेला डबा हा नव्हे.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी काकांनी तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडला, पातेलं गॅसवर ठेवलं. पितळी तबकडीच्या काठाशी ८२ हा आकडा कोरलेला दिसत होता. पाण्याला तळाशी बारीक बुडबुडे येऊ लागले तशी तबकडी केसभर सरकली, मग बोट जाईल इतकी उघडली. बाहेर काढल्यावर हळूच मिटली. नवा भागही तपासूनच घालायचा, ही त्यांची आगारातली सवय. रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. दाब टिकत नव्हता, पाणी लवकर उकळून बाहेर पडत होतं, कसाऱ्यात गाडी तापली ती बहुधा यानेच. म्हणजे मूळ दोष तसाच राहिला होता. थर्मोस्टॅट ६५०, झाकण १८०, कूलंट ९००, मजुरी ३००. एकूण २,०३०. जुने भाग त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

"आपल्याकडे गरम हवामान, थर्मोस्टॅट लागतच नाही," असं म्हणणारे मिस्त्री तुम्हालाही भेटतील. ते पटवून घेऊ नका. इंजिन कायम थंड राहिलं तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं, खाली ऑइलमध्ये मिसळतं. माझ्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता आणि चारही प्लग काजळीने काळे झाले होते. ऑइल बदलावं लागलं, तो खर्च वेगळा.

मी फोटो घेऊन गॅरेजला गेले. मालक आधी म्हणाला, "उन्हाळ्यात गरम होऊ नये म्हणून काढला मॅडम, तुमच्याच भल्यासाठी." मी विचारलं, मग ९५० कशाचे लावले? त्याने गल्ल्यातून ९५० काढून टेबलावर ठेवले. ईसीएमचं विचारल्यावर मुंबईच्या माणसाचं नाव सांगेना, पावती दाखवेना. "पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देतो" म्हणाला. ९५० मी घेतले नाहीत.

आता लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली आहे. कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते: १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून सल्ला मिळतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. जीएसटीचं पक्कं बिल नसलं तरी कच्चे कागद, यूपीआयचे मेसेज, फोटो, जुने भाग, सगळं ठेवा. मी यूपीआयने पैसे दिले होते म्हणून रक्कम आणि तारखा तरी हातात आहेत.

परवा आमच्या शाळेतले लिपिक भाऊसाहेब त्यांची जुनी गाडी घेऊन माझ्याकडे आले. गॅरेज तेच, तक्रार तीच. सकाळी थंड गाडी सुरू करून मी त्यांचा हात वरच्या होजवर ठेवला. दोन मिनिटांत होज कोमट झाला. त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. तसाच रेघांचा, तसाच शिक्का, ‘थर्मोस्टॅट नवीन १,१००’. रविवारी आम्ही दोघं काकांकडे जाऊन झाकण उघडणार आहोत, आणि तक्रारीच्या मसुद्यात त्यांच्या सहीसाठी मी जागा सोडली आहे.